सुताच्या गाडीतले दगड

सोलापुरात खणलं की काळा दगड लागतो,
त्याखाली आणखी काळा दगड.
लाव्ह्याने इथे कुणाची नोंद ठेवली नाही.
तरी माझ्याकडे एकोणीस खेकडे आहेत,
एक झिंगा,
आणि एका शेवंडाची नुसती डावी नांगी.

सगळे सुताच्या गाडीतून आले.
सेल्वराज कोइमतूरहून कोन घेऊन यायचा.
गोदामात पावती फाडताना मी भुवई उडवायचो,
तो सीटखालचं पोतं ओढायचा.
त्याचं गाव अरियालूरकडे, चुनखडीच्या खाणीला लागून.
मातकट, गोल, बटाट्यासारखे दगड,
पोत्याला एक डबल चादर.
मोर नको म्हणायचा,
त्याच्या बायकोला चौकडा आवडायचा.

दहांतले नऊ मुके निघतात.
दहावा वेगळा वाजतो.
कसा, ते सांगता येत नाही;
माठ घेताना आपण टिचकी मारतो ना,
तसं काहीसं.

दातांच्या डॉक्टरांनी टाकून दिलेली हत्यारं,
गोधडीची सुई, दाढीचा ब्रश.
शेजारी माग चालू असले की टेबल थरथरतं,
सुई घसरते, कोट्यवधी वर्षं टिकलेला पाय
खट्‌कन जातो.
म्हणून पायांची कामं मी सुट्टीला ठेवतो,
पाठीची कधीही.

माझी आई नरसम्मा समोर विड्या वळते.
तिच्या सुपात पानं, माझ्या परातीत गाळ.
आमच्या घरी खेकड्याला एंड्रकाया म्हणतात.
नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं,
आणि मी तांब्या उचलला की ती म्हणते,
"माणसांच्या घशाला कोरड,
आणि तुझा एंड्रकाया आंघोळ करतो!"
मी अर्धा तांब्या परत ओततो.
समुद्राचा प्राणी, आमच्याकडे
अर्ध्या तांब्यात भागवतो.

चौदा नंबर उघडायला मला सात महिने लागले.
पाठीवर मोहरीएवढे दाणे, सगळे जागेवर.
डोळ्यांच्या खोबणी.
नांगीच्या आतल्या बाजूचे दात,
झिजलेला एकसुद्धा नाही.
पुण्याहून एक गृहस्थ आले, भिंग लावून
बराच वेळ बोलले नाहीत,
मग म्हणाले, पंचवीस हजार.
माझा पगार तेव्हा साडेअकरा होता.

आईने हात पुसले. चष्मा न लावता
तो तळहातावर घेतला,
विडीचं तोंड दुमडून दुमडून
कडक झालेलं अंगठ्याचं नख
त्याच्या पाठीच्या मागच्या कडेवरून फिरवलं,
आणि एका जागी थांबली.
"इथून उघडा आहे."
मग तेलुगूत, माझ्याकडे बघून,
"हा मेलेला नाही रे. कपडे बदलून गेलाय."
सिद्धिपेटच्या तळ्याकाठी, लहानपणी
ती असले रिकामे सदरे गोळा करायची म्हणे.
तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं,
मीही नाही.

गृहस्थांनी पुन्हा भिंग लावलं.
कात असेल तर मग दहा, म्हणाले.
मी नाही म्हटलं.
का, ते त्या रात्री मला नीट कळलं नव्हतं,
दहा हजारही काही कमी नव्हते.

सात महिने मी ज्याचा चेहरा शोधत होतो
तो त्या दिवशीच, पाठीमागच्या फटीतून,
मऊ, नवा, घाबरलेला,
कुठल्या तरी कपारीत शिरला असणार.
पुढे त्याचं काय झालं
ते एकाही दगडात नाही.

वहीत लिहिलं:
क्र. १४. स्थिती उत्तम. आत कोणी नाही.

सेल्वराजने गाडी विकली. पोती थांबली.
चौदा नंबर आता आईच्या सुपात असतो.
पंखा जोरात लागतो उन्हाळ्यात,
तेंदूची कापलेली पानं उडतात,
त्यांच्यावर ती त्याला बसवते,
पानं संपत आली की सरकवते
दुसऱ्या गठ्ठ्यावर,
तिरका.